स्पीकरच्या पाठीवरचं आधी वाच

तुझ्या बाबांचे स्पीकर तू पुण्याच्या घरी नेणार आहेस, हे मला मनापासून आवडलं. ऐंशीच्या दशकातले ते लाकडी खोके, खाली आठ इंची वूफर, वर छोटा ट्विटर. तसले खोके आज नव्याने घ्यायला निघालीस तर किंमत ऐकून परत फिरशील. ॲम्प्लिफायर बदलत राहतात, कॅसेट गेली, सीडी चालली, ब्लूटूथ आलं. पण नीट ठेवलेला स्पीकर चाळीस वर्षांनीही तितक्याच गोडीने वाजतो. म्हणून "मामा, यांना जोडायला एखादी छोटी सिस्टिम सांग" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी स्पीकरपासूनच सुरू करणार. दुकानाची पायरी चढण्याआधी घरी बसून जे करायचं, त्यातच निम्मी निवड होऊन जाते.

पहिलं काम म्हणजे पुढच्या जाळ्या काढ. वूफरच्या कागदी कोनाभोवती एक मऊ कडा असते. ती रबराची किंवा कापडाची असेल तर निर्धास्त राहा. फोमची असेल तर बोटाने हलकेच स्पर्श करून बघ. फोम दहा-वीस वर्षांत कुजतो, आणि आपल्या कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत त्याहून लवकर. बोटाला चिकट लागला किंवा भुगा पडला, तर तो स्पीकर वाजवूच नकोस. फाटक्या कडेने वाजवला की आतली कॉइल तिरकी होऊन चुंबकाच्या खाचेत घासते, आणि मग साधी दुरुस्ती महागात पडते. स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर नवी कडा चिकटवून देतात. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास विचार, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. कडा शाबूत असेल तर दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवून तो अगदी हळू आत दाब. सरळ आत जाऊन सरळ परत यायला हवा. खर्रखर्र जाणवलं तर कॉइल घासते आहे असं समज.

ट्विटर वाजतो की नाही, हेही बघून घे. जुन्या खोक्यांत वूफर आणि ट्विटर यांच्यामध्ये आवाज वाटून देणारं छोटं सर्किट असतं, आणि त्यातले कॅपॅसिटर वर्षानुवर्षांनी सुकतात. मग झांज, टाळ, सतारीची तार सगळं मंद होतं आणि आपल्याला वाटतं स्पीकरच म्हातारा झाला. तेवढ्याच मायक्रोफॅरडचे नवे कॅपॅसिटर अगदी थोड्या पैशांत मिळतात, बसवायला अर्धा तास लागतो. नवी सिस्टिम घेण्याआधी हे करून घे, नाहीतर उद्या नव्या ॲम्पला विनाकारण बोल लागेल.

आता खोका फिरव आणि पाठीवरची पट्टी वाच. त्यावर दोन आकडे कामाचे असतात. एक ओहमचा आणि दुसरा, लिहिला असेल तर, डेसिबलचा. वॅटचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतो, आणि सगळ्यात कमी उपयोगाचा तोच. स्पीकरवर १०० वॅट लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तो जास्तीत जास्त तेवढं सोसेल. त्याला तेवढं द्यायलाच हवं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ही एक गोष्ट दुकानदार कधी सांगत नाही, कारण ती समजलेलं गिऱ्हाईक मोठं मशीन घेत नाही.

ओहम म्हणजे स्पीकर ॲम्पकडून किती करंट ओढतो याचा अंदाज. आकडा लहान तितकी ओढ जास्त. जुन्या घरगुती स्पीकरांवर बहुधा ८ असतो. काहींवर ६ किंवा ४. पट्टी गळून गेली असेल तर मल्टिमीटर लावून मोज, ॲम्पची तार काढूनच. मीटरवर दिसणारा आकडा छापील आकड्यापेक्षा नेहमी थोडा कमी येतो: ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते चारच्या मध्ये. ८ ओहमचे निघाले तर तू सुखी आहेस, बाजारातलं जवळपास कुठलंही मशीन ते हसत चालवेल. ४ ओहमचे असतील आणि मशीनच्या मागे "६ ते १६ ओहम" लिहिलेलं असेल, तर ते मशीन तुझ्यासाठी नाही. कमी आवाजात चालेल, पण एखाद्या दिवाळीला घर भरलेलं असताना आवाज वाढवलास की तापेल आणि बंद पडेल. उलट ६ ओहमसाठी लिहिलेल्या छोट्या सिस्टिमला ८ ओहमचे स्पीकर बेलाशक जोड. ताकद थोडी कमी मिळते, धोका काही नाही. एक मात्र लक्षात ठेव: एकाच टोकाला दोन-दोन स्पीकर समांतर जोडायचा मोह होतो, दुसऱ्या खोलीतही गाणं हवं म्हणून. ८ आणि ८ समांतर जोडले की ४ होतात.

काही स्पीकर मात्र कुठल्याच सिस्टिमला जोडायचे नसतात. पाठीमागे विजेची वायर आणि स्वतःचं बटण असेल तर त्याच्या पोटातच ॲम्प आहे, त्याला वेगळा ॲम्प लागत नाही. आणि नव्वदीतल्या मिनी सिस्टिमचे किंवा होम थिएटरच्या संचाबरोबर आलेले प्लॅस्टिकचे स्पीकर, ज्यांना रंगीत चपटे प्लग असतात, ते त्या-त्या मशीनपुरतेच बनवलेले असतात. कधी ३ ओहमचे, कधी आतला ट्विटर वेगळ्या तारेवर. त्यांच्यासाठी नवी सिस्टिम शोधण्यात पैसे घालू नकोस. बाबांचे तसे नाहीत हे मला ठाऊक आहे, पण तुझी मैत्रीणही विचारत होती म्हणालीस, म्हणून सांगून ठेवलं.

डेसिबलचा आकडा म्हणजे स्पीकर किती थोड्यात किती वाजतो, याची नोंद. एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती आवाज येतो, ते त्यात लिहिलेलं असतं. जुने मोठे खोके ८८ ते ९२च्या आसपास असतात, हल्लीचे पुस्तकांच्या कपाटात मावणारे छोटे स्पीकर ८४-८६. फरक किरकोळ वाटतो, पण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. ९० डेसिबलचा स्पीकर जे एका वॅटमध्ये करतो, त्याला ८४च्या स्पीकरला चार वॅट लागतात. दहा डेसिबल कमी म्हणजे दहापट वॅट. तेव्हा तुझ्या बाबांच्या खोक्यांना, दहा बाय बाराच्या खोलीत, सोफ्यावर बसून ऐकायला सरासरी एखादा वॅटही पुरतो. खरं सांगतोय. बाकीची ताकद लागते ती तबल्यावरची एक खणखणीत थाप, संतूरवरचा आघात, गायकाने तार षड्जावर अचानक सोडलेला आवाज, अशा क्षणांसाठी. तेवढ्या क्षणापुरते सरासरीच्या दहा-वीस पट वॅट लागतात. म्हणून प्रामाणिकपणे मोजलेले वीस ते चाळीस वॅट दर बाजूला असले की तुझ्या घराला ते भरपूर झाले.

मग आणखी कमी, पाच वॅटचं खेळणं का नको? कारण लहान ॲम्प शेवटपर्यंत पिळला की त्याच्या लाटांचे माथे सपाट कापले जातात, आवाज कर्कश होतो, आणि त्या कापलेल्या लाटांतून ट्विटरकडे त्याला न झेपणारी ताकद जाते. जळालेले ट्विटर बहुतेक वेळा मोठ्या ॲम्पने जळलेले नसतात, शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेल्या छोट्या ॲम्पने जळलेले असतात. नियम सोपा आहे: आवाज फाटल्यासारखा वाटला की त्याच क्षणी बटण मागे घ्यायचं. लग्नघरातल्या पोरांना हे सांगून ठेवावं लागतं.

वॅटचा आकडा प्रामाणिक आहे की नाही, हे ओळखणं हाच या सगळ्या खरेदीचा गाभा आहे. आमच्या काळात खोक्यांवर पीएमपीओ लिहायचे. दोन हजार वॅट पीएमपीओ! आतला खरा ॲम्प जेमतेम दहा-वीस वॅटचा. आता तो शब्द मागे पडला, पण सवय गेलेली नाही. म्हणून खोक्यावरच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी शोध: किती ओहमला, किती टक्के विकृतीवर (म्हणजे डिस्टॉर्शनवर), आणि दोन्ही बाजू एकदम चालू असताना की एकच. "३० वॅट, ६ ओहम, १० टक्के विकृती" असं लिहिलेलं मशीन खोटं बोलत नाही, पण दहा टक्के म्हणजे आवाज फाटायला लागल्यानंतरचा आकडा. स्वच्छ वाजण्यापुरता त्यातला दोन-तृतीयांश धर. "५० वॅट, ८ ओहम, ०.१ टक्का" लिहिणारं मशीन कागदावर त्याच्यापेक्षा फार मोठं दिसत नाही, प्रत्यक्षात बरंच मोठं असतं. आणि या तीन गोष्टींपैकी एकही लिहिलेली नसेल, नुसताच गलेलठ्ठ आकडा असेल, तर तो आकडा नाहीच असं समज.

हल्ली तळहाताएवढे ॲम्प मिळतात, ब्लूटूथची छोटी अँटेना असलेले. त्यांच्यावर १०० अधिक १०० वॅट लिहिलेलं असतं. हे सरसकट टाकाऊ नाहीत, काही तर फार सुरेख वाजतात. आत डी वर्गाची चिप असते, टीपीए३११६ ही त्यातली फार वापरात असलेली. ती फारशी तापत नाही, वीज कमी खाते, जागा घेत नाही. पण तिची ताकद ठरते बाहेरच्या अडॅप्टरवर, आणि ते तुला शाळेतल्या गणिताने काढता येईल. अडॅप्टरवर लिहिलेल्या व्होल्टचा वर्ग कर आणि स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भाग. १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि ८ ओहमचा स्पीकर म्हणजे १४४ भागिले १६, नऊ वॅट. १९ व्होल्ट असेल तर साडेबावीस. २४ व्होल्टला ३६. याच्या वर ती चिप ८ ओहमला स्वच्छ आवाज देऊच शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दुसरी मर्यादा अडॅप्टरच्या अँपिअरची. २४ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ७२ वॅट, आणि तेही दोन्ही बाजूंचे मिळून. मग त्यातून दोनशे कुठून येणार? म्हणून असलं मशीन घेताना मी सगळ्यात आधी अडॅप्टरची पट्टी वाचतो. पुष्कळदा विक्रेता स्वस्तात पडावं म्हणून १२ व्होल्टचा अडॅप्टर देतो आणि लोक "छोटा ॲम्प म्हणजे काही खरं नाही" म्हणत फिरतात. त्याच मशीनला १९ किंवा २४ व्होल्टचा चांगला अडॅप्टर लाव आणि फरक ऐक. घरात जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असेल तर तोही चालतो, फक्त पिन बसते का, मधली बाजू अधिक आहे का आणि मशीनवर लिहिलेल्या कमाल व्होल्टच्या आत आहे का, एवढं तपास. त्या मर्यादेच्या वर एक व्होल्टही देऊ नकोस.

या छोट्या मशीनांची एक अट फार महत्त्वाची आहे, आणि जुन्या घरांत तीच मोडली जाते. त्यांच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या काळ्या टोकांचा एकमेकांशी कधीही संबंध येता कामा नये. पूर्वी वायर वाचवायला दोन्ही स्पीकरच्या काळ्या तारा एकत्र करून तीनच तारा भिंतीतून नेत असत. जुन्या ॲम्पना ते चालायचं, कारण त्यांची दोन्ही काळी टोकं आतून एकच असत. या चिपमध्ये काळ्या टोकावरही सिग्नल असतो, ती टोकं जोडली की चिप बंद पडते किंवा जळते. तेव्हा दर स्पीकरला दोन तारा, थेट मशीनपर्यंत.

तारेसाठी फार पैसे घालवू नकोस आणि फार वाचवूही नकोस. दुकानात १४/३६, २३/३६, ४०/३६, ७०/३६ अशा आकड्यांनी स्पीकरची वायर मिळते. पहिला आकडा आतल्या बारीक तारांची संख्या, दुसरा त्या तारांचा गेज. तुझा स्पीकर मशीनपासून पाच मीटरवर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं. १४/३६मध्ये त्याचा रोध साधारण ०.४३ ओहम होतो, ४०/३६मध्ये ०.१५. स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत तारेचा रोध राहिला की झालं, ८ ओहमला ही मर्यादा ०.४. म्हणजे ४०/३६ घे आणि विषय संपव. हजारो रुपये मीटरच्या वायरी विकणारे भेटतील, त्यांना नमस्कार कर. फक्त ती शुद्ध तांब्याची आहे ना, ते बघ. टोक चाकूने खरवडल्यावर आत पांढरं दिसलं तर ते वर तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे.

जोडताना लाल-काळं दोन्ही स्पीकरना सारखंच राहिलं पाहिजे. एकाचं उलट झालं तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो, खर्ज नाहीसा होतो आणि गाणं डोक्याच्या मागून आल्यासारखं पोकळ वाटतं. जुन्या स्पीकरचे रंग उडालेले असतील तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घे आणि त्याची टोकं तारेला क्षणभर टेकव. ज्या वेळी वूफर बाहेर उसळेल, त्या वेळी सेलचं अधिक टोक ज्या तारेवर असेल ती लाल.

मग तू नेमकं काय ऐकतेस, हा प्रश्न. बाबांच्या सीडी आहेत, त्यांना कप्पा हवा. लाँगप्ले तबकड्या आहेत, टर्नटेबल पुढेमागे दुरुस्त करशील. फोनवरून तर रोजच ऐकशील, आणि संध्याकाळी टीव्ही. मागच्या बाजूला किती आणि कुठल्या जागा आहेत, यावर सिस्टिमचं आयुष्य ठरतं. नुसत्या ब्लूटूथवाल्या मशीनला काही वर्षांनी काय जोडायचं ते कळत नाही. किमान एक आरसीएच्या पिनांची जोडी असलीच पाहिजे, कारण कॅसेट डेक, जुना रेडिओ, सगळं तिथे लागतं. टर्नटेबल थेट तिथे लावू नकोस. त्याच्या पिनमधून जेमतेम पाच मिलिव्होल्ट येतात, आणि तबकडी कापतानाच खर्ज कमी करून आणि तार वाढवून कापलेली असते. ते उलटवून मोठं करणारा फोनो भाग मध्ये लागतो. मशीनमागे "फोनो" लिहिलेलं असेल तर तो आत आहे, नसेल तर छोटी डबी वेगळी मिळते. टीव्हीसाठी ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी बघ. आपल्याकडे टीव्हीला केबलवाल्याची तार असली की पुष्कळ घरांत स्पीकरमधून सतत हंऽऽ असा आवाज येतो. ऑप्टिकल तारेतून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो, त्यामुळे तो गुणगुणाट येतच नाही.

रेडिओबद्दल एक सांगतो, कारण तू सकाळी विविध भारतीशिवाय चहा घेत नाहीस. युरोपात विकल्या जाणाऱ्या सिस्टिमवर "डीएबी" असं मोठं करून लिहिलेलं असतं आणि त्याचे जास्त पैसे असतात. आपल्याकडे ती सेवा नाही, त्याचे पैसे देऊ नकोस. साधा एफएम आणि मागे अँटेनाची तार लावायची जागा पुरे.

आणि अमेरिकेतल्या मावशीने "मी येताना आणते, इथे स्वस्त आहे" म्हटलं तर आधी मागची पट्टी पाहून फोटो पाठवायला सांग. तिथे वीज १२० व्होल्टची. नुसतं १२० लिहिलेलं मशीन आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत लावलं की संपलं. १०० ते २४० लिहिलेलं असेल तरच निर्धास्तपणे आण म्हणावं. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी बहुतेक मशीनं तशीच असतात. जपानहून आलेली देखणी सेकंडहँड यंत्रंही बाजारात दिसतात. ती १०० व्होल्टची असतात, वर त्यांचा एफएमचा पट्टा ७६पासून सुरू होऊन नव्वदीत थांबतो. आपली स्टेशनं ८८ ते १०८मध्ये. मुंबईची आकाशवाणी रेनबो १०७.१वर आहे, ती त्यांवर लागणारच नाही.

जुना भारतीय ॲम्प घ्यावा का, असंही तू विचारलंस. कोलकात्याच्या सोनोडाइनने १९७० पासून सुंदर वस्तू बनवल्या, आपल्याकडे कॉस्मिकचं नाव होतं. त्यांचा आवाज भरदार आणि अंगात दम असतो. पण तुला छोटी वस्तू हवी आहे, आणि चाळीस वर्षं जुन्या ॲम्पच्या पोटातले मोठे कॅपॅसिटर बदलणारा विश्वासू माणूस जवळ असेल तरच त्या वाटेला जावं. व्हॉल्यूमची खरखर स्प्रेने जाते, बिघडलेला कॅपॅसिटर मात्र एखाद्या दिवशी स्पीकरमध्ये थेट विजेचा झटका सोडतो आणि वूफर घेऊन जातो. तुझ्या घरात आत्ता तो माणूस नाही. नको.

सिस्टिम कुठे ठेवणार? टीव्हीखालच्या बंद कप्प्यात नको, वर चार बोटं हवा खेळती पाहिजे. स्पीकर कपाटाच्या माथ्यावर चढवू नकोस. आपल्याकडे जागा नाही म्हणून सगळे तेच करतात आणि मग आवाज छताखाली फिरत राहतो. ट्विटर तुझ्या बसलेल्या कानाच्या उंचीला हवा, खोका भिंतीपासून वीतभर पुढे, कोपऱ्यातून बाहेर. कोपऱ्यात खर्ज फुगतो, डग्गा आणि ढोलकी दोन्ही एकसारखे गदगदतात. लोखंडी किंवा जड लाकडी स्टँड करून घे, त्यावर केलेला खर्च मशीनवर केलेल्या तेवढ्याच खर्चापेक्षा जास्त ऐकू येतो.

खर्ज-तार कमीजास्त करायची बटणं असलेलं मशीन निवड. शुद्धतावादी लोक ती नकोत म्हणतात, मला ते पटत नाही. फ्लॅटमध्ये रात्री हळू आवाजात ऐकावं लागतं, आणि हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. तेव्हा रात्री थोडा खर्ज वाढवण्यात काही चूक नाही. शिवाय आवाज फार हळू असला की आपोआप झोपी जाणारी मशीनं असतात. आलापाच्या मध्येच बंद पडतात. ती सोय बंद करता येते का, हे दुकानातच विचार.

दुकानात काय लावून ऐकायचं, यावर मी सगळ्यात जास्त भर देतो. दुकानदार आपली धमाकेदार गाणी लावेल, ती ऐकू नकोस. तुझी तीन गाणी घेऊन जा. पहिलं, बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचं कुठलंही पद. ते स्टिरिओच्या आधीच्या काळातलं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी सारखाच आवाज येतो. तो बरोबर मध्यावरून, दोन खोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेतून आला पाहिजे. डावी-उजवीकडे सरकला तर बॅलन्स बिघडला आहे, पसरट आणि पोकळ आला तर तार उलटी आहे. दुसरं, १९६७चं "कॉल ऑफ द व्हॅली". शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. संतूरचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो का, आणि त्याच वेळी डग्ग्याचा घुमारा लांबतो का, ते बघ. फक्त थप् ऐकू येऊन घुमारा तुटला तर मशीनची पकड कमी आहे. तिसरं, तुला तोंडपाठ असलेलं एखादं ख्याल गायन. गायक श्वास घ्यायला थांबतो तेव्हा मागचा तानपुरा ऐक. जवारीची ती झणझण बारीक, जिवंत आणि एकसंध राहिली तर मशीन चांगलं. ती धुळीसारखी विरली किंवा खरखरली तर किंमत कितीही असो, पुढे चल. तिन्ही गोष्टी आधी अगदी हळू आवाजात ऐक. मोठ्या आवाजात सगळीच मशीनं भारी वाटतात, तू मात्र रोज हळू ऐकणार आहेस. आणि शक्य असेल तर दोन्ही खोके रिक्षात घालून दुकानात घेऊन जा. दुकानातल्या स्पीकरवर ऐकलेला ॲम्प म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचलेलं पत्र.

आता माझं मत. सीडी खरंच ऐकणार असशील तर डेनॉनची आरसीडी-एम४१ किंवा त्या जातीची स्पीकरशिवाय मिळणारी छोटी सिस्टिम बघ: सीडी, एफएम, ब्लूटूथ, ऑप्टिकल सगळं एका डब्यात, ६ ओहमला दर बाजूला ३० वॅट. हा दहा टक्क्यांवाला आकडा आहे, तरी तुझ्या खोलीला आणि या खोक्यांना पुरतो. यातली पहिली मोडणारी वस्तू सीडीचा कप्पा असते, म्हणून दुरुस्ती जवळपास होते का, ते आधी विचार. सीडी नुसत्या आठवण म्हणून ठेवणार असशील तर विम ॲम्प घे. ८ ओहमला ६० वॅट, इंटरनेटवरून गाणी, टीव्हीसाठी एचडीएमआय, आणि पुढे वाटलं तर सबवूफर जोडायची जागा. दोन्ही जड वाटले तर अडॅप्टर २४ व्होल्टचा आहे याची खात्री करून तळहाताएवढा ॲम्प घे आणि वाचलेले पैसे फोमच्या कडा, कॅपॅसिटर, स्टँड आणि ४०/३६ वायर यांत घाल. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. फक्त बिल पक्कं घे, वॉरंटी भारतातली असू दे, आणि आठवड्याच्या आत परत करण्याची बोली बिलावर लिहून देत नसतील तर त्या दुकानातून काहीही घेऊ नकोस.